खजिना वाहणाऱ्यांना हिशेब मागायला शिकवणारे बाबासाहेब

१६ डिसेंबर १९३९ रोजी अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील हरेगावला मुंबई इलाख्यातील महार, मांग व वेठिया वतनदारांची परिषद भरली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे आले होते. प्रश्न होता जुडीचा, म्हणजे वतनाच्या जमिनीवर सरकार घेत असलेल्या साऱ्याचा. हा बोजा वाढवण्याच्या हालचालीविरुद्ध आपला समाज तेथे एकवटला होता.

बाबासाहेबांची ओळख आपण संविधानाचे शिल्पकार म्हणून करून देतो. पण सरकारी पैसा कोठून येतो, कोठे जातो आणि त्याचा जाब कोण देतो, हा त्यांचा आयुष्यभराचा अभ्यास होता, हे आपल्या व्याख्यानांत क्वचितच येते.

कोलंबिया विद्यापीठात १९१५ साली एम.ए.साठी त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार व अर्थव्यवस्था हा विषय घेतला. पुढे ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा त्यांचा प्रबंध १९२५ मध्ये ग्रंथरूपाने आला. १८३३ नंतर सगळा महसूल मध्यवर्ती सरकारच्या हाती गेला आणि प्रांत फक्त खर्च करत राहिले. पैसा उभारण्याची जबाबदारी एकाकडे व खर्चाची दुसऱ्याकडे, त्यामुळे काटकसरीची गरज कोणालाच वाटेना. १८७१ पासून प्रांतांना ठरावीक रकमा, नंतर महसुलाचे काही स्रोत व पुढे त्यात वाटा मिळू लागला. ही सारी वाटचाल त्यांनी आकडेवारीनिशी मांडली.

हा अभ्यास पुस्तकात अडकून राहिला नाही. गावचा महार सरकारी टपाल पोचवी, साऱ्याच्या वसुलीत राबे, जमा झालेला खजिना तालुक्याच्या कचेरीपर्यंत नेई. पण त्याच सरकारी जमाखर्चात त्याच्या कष्टाला धड पगार नव्हता. तुटपुंजी वतनाची जमीन आणि गावाच्या मर्जीवरचे बलुते, एवढ्यावर त्याची बोळवण होई. म्हणून १९२८ साली मुंबई विधिमंडळात त्यांनी १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. बलुत्याऐवजी रोख मोबदला मिळावा आणि ज्याला वतनाचे काम नको, त्याला पूर्ण सारा भरून जमीन राखता यावी, असा त्यांचा आग्रह होता. ते विधेयक मंजूर झाले नाही. राबवून घ्यायचे आणि वर करही वाढवायचा, हा अन्याय हरेगावच्या वतनदारांना म्हणूनच नेमका कळत होता. कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा १९५८ मध्ये झाला, तेव्हा बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाला दोन वर्षे होत होती.

संविधानात मात्र पैशाची वाट स्पष्ट आखलेली आहे. कायद्याच्या आधाराशिवाय कर बसवता येत नाही (अनुच्छेद २६५). कर, इतर महसूल आणि सरकारने काढलेली कर्जे एकत्रित निधीत जमा होतात. भविष्यनिर्वाह निधीसारखा लोकांचा ठेवीचा पैसा लोकलेख्यात वेगळा राहतो (अनुच्छेद २६६). अचानक उद्भवलेल्या खर्चासाठी आकस्मिकता निधी आहे (अनुच्छेद २६७). एकत्रित निधीतून रक्कम काढायची तर संसदेने किंवा विधानमंडळाने विनियोजनाचा कायदा करावा लागतो. झालेला खर्च नियंत्रक व महालेखापरीक्षक तपासतात आणि त्यांचा अहवाल लोकप्रतिनिधींसमोर जातो. हे पद संविधानातील सर्वांत महत्त्वाच्या पदांपैकी आहे, असे मत बाबासाहेबांनी संविधान सभेत मांडले होते.

आज आपण जयंतीची वर्गणी पै-पैचा हिशेब ठेवून जमवतो. तीच नजर सरकारी तिजोरीकडे वळवायला हवी. अनुसूचित जातींसाठी अर्थसंकल्पात किती तरतूद झाली, त्यातली किती खर्च झाली? ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातील मागासवर्गीयांसाठीचे १५ टक्के कोठे गेले? ग्रामसभेत उठून हे विचारायला पदवी लागत नाही. अर्थसंकल्पाची आणि लेखापरीक्षणाची कागदपत्रे उघडून वाचणारे चार तरुण प्रत्येक वस्तीत तयार झाले, तर बाबासाहेबांचा हा अभ्यास आपल्या उपयोगी पडला असे म्हणता येईल.

जयभीम!