कसारा घाटात गाडी सावरणारा ‘लंबक’. कोण होते लेऑन फुको?

पावसात कसारा घाट उतरताना वळणावर मागची चाकं घसरली, तर चालकाला कळायच्या आत गाडी नेमक्या एका चाकाला ब्रेक लावते आणि सावरते. अर्थात, गाडीत ईएससी असेल तर. गाडी स्वतःभोवती किती वेगाने वळतेय, हे या यंत्रणेला एक छोटा सेन्सर सांगतो. त्यामागची कल्पना ज्यांनी लोकांना डोळ्यांनी दाखवली, ते फुको शिकायला गेले होते डॉक्टरकी!

लेऑन फुको यांचा जन्म १८१९ मध्ये पॅरिसला झाला. रक्त बघवेना म्हणून त्यांनी वैद्यकीय शिक्षण सोडलं. हात मात्र कमालीचे कुशल. जानेवारी १८५१ मध्ये त्यांनी घराच्या तळघरात दोन मीटर तारेला गोळा टांगला. आधी तारच तुटली. काही दिवसांनी जमलं. झुलणाऱ्या गोळ्याची दिशा हळूहळू सरकताना दिसली. खरं तर खालची जमीन, म्हणजे पृथ्वीच फिरत होती. मार्चमध्ये पँथिऑनच्या घुमटाखाली ६७ मीटर तारेवर २८ किलोंचा गोळा झुलला आणि पॅरिसकरांनी गर्दी केली.

१८५२ मध्ये त्यांनी वेगाने फिरणाऱ्या चकतीने हेच दाखवलं. त्या उपकरणाचं ‘जायरोस्कोप’ हे नावही त्यांचंच. तरी फ्रेंच विज्ञान अकादमीचं सदस्यत्व मिळायला १८६५ उजाडलं. गणितात ते कच्चे, हे तिथल्या मंडळींना खुपायचं. (इंजिनिअरिंगला एम-थ्रीने रडवलेल्यांना हे वाचून बरं वाटेल!)

तुमच्या कारच्या सेन्सरमध्ये चकती नसते. चिपमध्ये सिलिकॉनचा सूक्ष्म तुकडा सतत थरथरतो. गाडी वळली की चिप वळते, पण थरथर जुनी दिशा धरू पाहते आणि तुकडा किंचित बाजूला सरकतो. म्हणजे फुकोंचा लंबकच! त्यावरून निघालेला वेग संगणक स्टिअरिंगच्या कोनाशी ताडून बघतो. गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जात असेल, तर वळणाच्या बाहेरच्या बाजूचं पुढचं चाक रोखलं जातं.

ब्रेकशीही फुकोंचं नातं आहे. चुंबकाजवळ फिरणाऱ्या तांब्याच्या चकतीत वीजप्रवाह तयार होतो, चकती तापते आणि तिला अडथळा होतो, हे त्यांनी १८५५ मध्ये दाखवलं. अवजड वाहनांतले विद्युतचुंबकीय रिटार्डर याच तत्त्वावर चालतात.

फुको १८६८ मध्ये, अवघ्या ४८ व्या वर्षी गेले. त्यांचा लंबक पाहायला पॅरिसला जायला नको, पुण्यात ‘आयुका’मध्येही आहे. पॅरिसमध्ये त्याची दिशा सुमारे ३२ तासांत पूर्ण फिरते. नाशिकमध्ये टांगला, तर साधारण ७० तास लागतील.