टॅपेटची टिकटिक थांबवणारा माणूस : आमेदे बोले

गाडी चालू केली की इंजिनाच्या वरच्या भागातून टिकटिक आवाज येतो आणि गॅरेजवाले दादा लांबूनच सांगतात की टॅपेट वाजतोय. हा आवाज सगळ्यांच्या ओळखीचा आहे. पण काही इंजिनांमध्ये टॅपेट सेट करावाच लागत नाही, तो स्वतःच स्वतःला सेट करतो. त्याला हायड्रॉलिक टॅपेट म्हणतात. मी इंजिनांबद्दल वाचायला लागलो तेव्हा या छोट्याशा पार्टमागचा माणूस शोधत गेलो आणि थेट फ्रान्समधल्या ल मान्स गावात पोहोचलो. हो, तेच 24 तासांच्या शर्यतीचं ल मान्स!

घंटा, पाणी आणि वाफ

आमेदे बोले यांचा जन्म 1867 चा. आजोबा एर्नेस्ट-सिल्व्हँ बोले चर्चच्या घंटा ओतायचे. त्यांनी हायड्रॉलिक रॅम म्हणजे वाहत्या पाण्याच्या धक्क्यावर चालणारे पंपही बनवले. रॅमला ना मोटर लागते ना इंधन. वाहतं पाणी एक झडप स्वतःच बंद करतं, त्या धक्क्याने दाब वाढतो आणि थोडं पाणी वर चढतं. पुढे घंटांचं काम आमेदेच्या वडिलांकडे आलं आणि रॅमचं काम एका काकांकडे.

वडिलांचं नावही आमेदेच, म्हणून फ्रेंच लोक यांना धाकटे आमेदे म्हणतात. वडिलांनी 1873 मध्ये लोबेसांत नावाची वाफेची मोठी गाडी बांधली. 1875 मध्ये ती ल मान्सहून पॅरिसला स्वतःच्या दमावर गेली. प्रवासाला सुमारे 18 तास लागले. तेव्हा आपला आमेदे आठ वर्षांचा होता. विचार करा, रस्त्यावर सगळीकडे घोडागाड्या आणि तुमच्या घरी मात्र वाफेची गाडी!

धाकटा भाऊ लेओनही काही कमी नव्हता. त्याने थेट गुणाकार करणारं यंत्र बनवलं आणि 1889 च्या पॅरिस प्रदर्शनात सुवर्णपदक मिळवलं. 1908 मध्ये विल्बर राइट विमान घेऊन ल मान्सला आले, तेव्हा त्यांनी लेओनच्याच कारखान्यात ते जोडलं.

पेट्रोलकडे वळण

आमेदेने सुरुवात वाफेवरच केली, पण 1896 मध्ये तो पेट्रोल गाडीकडे वळला. द दीत्रिश या मोठ्या कंपनीने त्याच्या डिझाइनच्या गाड्या बनवायचे हक्क घेतले. 1898 च्या पॅरिस-ॲम्स्टरडॅम शर्यतीत त्याच्या गाड्यांना पुढून टोकदार, टॉर्पेडोसारखी बॉडी होती. हवा कापत जायचं ही कल्पना त्या काळात फार थोड्यांना सुचली होती.

नंतर मात्र त्याने वेगळा रस्ता धरला. शर्यती सोडून मोजक्या, महागड्या आणि शांत चालणाऱ्या गाड्या बनवायला घेतल्या. आता गाडी शांत करायची तर इंजिनातला सगळ्यात हट्टी आवाज टॅपेटचा.

आवाज येतो कुठून?

इंजिन तापलं की धातू फुगतो. व्हॉल्व्हची दांडी लांबते. जागा सोडली नाही तर व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, कॉम्प्रेशन जातं आणि शेवटी व्हॉल्व्ह जळतो. म्हणून मुद्दाम बारीक गॅप ठेवतात, बऱ्याच इंजिनांत मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास. हा गॅप आपण फिलर गेजने मोजतो. टिकटिक होते ती याच गॅपमध्ये धातूवर धातू आपटल्यामुळे. म्हणजे आवाज नको असेल तर गॅप नको, आणि गॅप नसेल तर व्हॉल्व्ह धोक्यात. अडकलो ना?

1910 च्या सुमारास आमेदेने या गॅपमध्ये तेल बसवलं. आजही रचना साधारण तशीच असते. टॅपेटच्या आत एक छोटा प्लंजर, खाली स्प्रिंग आणि एक चेक व्हॉल्व्ह. व्हॉल्व्ह बंद असताना स्प्रिंग प्लंजरला वर ढकलून गॅप संपवते आणि मोकळ्या जागेत इंजिनचं तेल शिरतं. कॅमने ढकललं की चेक व्हॉल्व्ह बंद होतो, तेल आत कोंडलं जातं. तेल जवळजवळ दबत नाही, त्यामुळे टॅपेट घट्ट दांडीसारखा वागतो. दर वेळी किंचित तेल झिरपतं, म्हणून धातू फुगला तरी जागा मिळते.

ज्या घरात पाण्याच्या दाबावर चालणारे पंप बनत होते, तिथल्याच मुलाने तेलाच्या दाबावर चालणारा टॅपेट बनवला, हे मला योगायोगापेक्षा जास्त वाटतं.

घरी बसवताना

मित्राच्या जुन्या पुशरॉड इंजिनाचे टॅपेट आम्ही घरीच बदलले, तेव्हा ही रचना मला खरी कळली. तुम्ही करणार असाल तर एवढं बघा:

- जुने टॅपेट परत वापरणार असाल तर ज्याची जागा त्यालाच द्या. कॅमशी घासून त्यांची जोडी जमलेली असते.
- नवीन टॅपेट स्वच्छ इंजिन ऑइलमध्ये भिजवा. तळाला आणि कॅमवर असेंब्ली ल्यूब लावा.
- त्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतील अशा जागी क्रँक आणा.
- ॲडजस्टमेंटचा नट असेल तर पुशरॉडचा वर-खाली खेळ संपेपर्यंत फिरवा. तिथून पुढे मॅन्युअलमध्ये दिलेली फेरीच द्या. अंदाजाने घट्ट केलं तर व्हॉल्व्ह उघडा राहतो.
- तेलाने भरलेला टॅपेट लगेच दबत नाही. नट बसवल्यावर थोडं थांबा, मगच क्रँक हाताने हळू फिरवा. अडकलं तर जोर लावू नका, पुशरॉड वाकेल.
- सुरू केल्यावर थोडा वेळ टिकटिक येऊ शकते. आवाज गेलाच नाही तर आधी ऑइलची पातळी आणि दाब तपासा.

उशिरा मिळालेलं यश

मग ही युक्ती लगेच सगळीकडे का गेली नाही? कारण प्लंजर आणि त्याच्या घरामधली जागा अतिशय बारीक असते. मशीनिंग अचूक हवं, तेल स्वच्छ हवं. एका छोट्या कारखान्याला थोड्या गाड्यांसाठी ते जमलं, हजारो गाड्यांसाठी जमणं सोपं नव्हतं. पहिल्या महायुद्धानंतर आमेदेच्या गाड्या बंद झाल्या आणि तो पिस्टन रिंग बनवू लागला. 1926 मध्ये तो वारला. त्यानंतर चारच वर्षांनी, 1930 मध्ये, अमेरिकेत कॅडिलॅकची 16 सिलिंडरची गाडी हायड्रॉलिक पद्धतीने गॅप संपवणारं इंजिन घेऊन आली. तेव्हा लोकांना समजलं की इतकं मोठं इंजिनही किती शांत चालू शकतं. ते बघायला आमेदे नव्हता.

आपल्याकडे रॉयल एन्फिल्डच्या यूसीई इंजिनांमध्ये, म्हणजे जुन्या क्लासिक 350 आणि 500 मध्ये, हायड्रॉलिक टॅपेट असतात. तेव्हा टॅपेट सेटिंगचे पैसे देण्याआधी आपल्या गाडीचं मॅन्युअल मोबाईलवर उघडून बघा. टॅपेट हायड्रॉलिक असतील, तर फिलर गेजचं काम नाही. वेळेवर ऑइल बदललंत तरी अर्धं काम झालं!