राजा हरिश्चंद्रच्या आधी फाळकेंचा हिरो होता कुंडीतला एक वाटाणा

आज वाशिममधल्या एखाद्या शाळकरी पोराने मोबाईलवर टाइमलॅप्सचं बटण दाबलं की सोयाबीनचं रोप डोळ्यांसमोर भराभर वाढताना दिसतं. त्याच व्हिडिओत एखादं कार्टून नाचवायचं असेल तर त्यासाठीही अ‍ॅप आहे. पण हेच काम एका माणसाने १९१२ साली दादरच्या घरात हाताने केलं होतं, तेही लाइट, स्टुडिओ, कामगार असं काहीच हाताशी नसताना.

तो माणूस म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके, अर्थात दादासाहेब फाळके.

३० एप्रिल १८७० ला त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या फाळकेंना घरातून वारसा मिळाला तो संस्कृतचा, पण ओढा मात्र चित्रांकडे. मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट झालं, मग बडोद्याचं कलाभवन. फोटोग्राफी, छपाई, नाटकाचे पडदे रंगवणं, पुरातत्त्व खात्यातली नोकरी, सगळं करून झालं. मधल्या काळात ते जादूचे प्रयोगही करायचे. स्टेजवरचं नाव प्रोफेसर केळफा. फाळके उलटं वाचा, कळेल.

हा जादूगार पुढे कामाला येणार होता.

१९११ च्या ईस्टरला गिरगावातल्या अमेरिका इंडिया थिएटरमध्ये त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा सिनेमा पाहिला आणि आपले राम-कृष्ण पडद्यावर का नाहीत, हा किडा डोक्यात शिरला. त्यानंतर मिळेल तो सिनेमा बघणं आणि रात्र रात्र जागणं सुरू झालं. इतकं की डोळे गेले. उपचारांनी दृष्टी परत आली, पण नाद काही सुटला नाही. विमा पॉलिसी गहाण टाकून फाळके १९१२ च्या फेब्रुवारीत लंडनला गेले. तिथे सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम कसं चालतं ते पाहिलं, विल्यमसन कॅमेऱ्याची ऑर्डर दिली आणि एप्रिलमध्ये परतले.

आता कॅमेरा होता, पण सिनेमा काढायला पैसे नव्हते. आणि जी गोष्ट या देशात कुणी केलीच नाही, तिच्यासाठी पैसे देणार कोण?

फाळकेंनी कुंडीत वाटाणा पेरला. समोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभर तो कोंब थोडा थोडा टिपत राहिले. रोज एक फोटो काढला, असं बऱ्याच ठिकाणी छापून येतं. पण हिशोब करून बघा. त्या काळी सेकंदाला साधारण १६ फ्रेम लागायच्या. एका मिनिटाला झाल्या ९६०. रोज एकच फ्रेम घेतली असती तर महिन्याची मेहनत दोन सेकंदांत संपली असती. मिनिटभराच्या फिल्मसाठी दिवसाला तीसेक फ्रेम घ्याव्या लागतात, आणि महिनाभर कुंडी किंवा कॅमेरा जरा जरी हलला की सगळं मुसळ केरात.

या फिल्मचं नाव 'अंकुराची वाढ'. ती बघून कर्ज मिळालं. पत्नी सरस्वतीबाईंचे दागिनेही गहाण पडले. कोरी फिल्म अंधारात बसून तिच्या कडेला भोकं पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामं त्यांनीच अंगावर घेतली होती. ३ मे १९१३ ला कॉरोनेशन थिएटरमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. त्यापुढची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे.

त्यानंतरची फारशी माहीत नाही.

१९१४ ला पहिलं महायुद्ध पेटलं. परदेशातून येणारी कच्ची फिल्म महागली, पैसे लावणारे मागे सरकले. फाळकेंनी तोवर बिऱ्हाड आणि कंपनी नाशिकला हलवली होती. मोठा सिनेमा परवडत नव्हता, म्हणून त्यांनी छोट्या फिल्म काढल्या. १९१५ च्या 'आगकाड्यांची मौज'मध्ये हिरो होत्या काड्यापेटीतल्या काड्या. काडी मांडायची, एक फ्रेम घ्यायची, काडी केसभर सरकवायची, पुन्हा एक फ्रेम. याला स्टॉप मोशन म्हणतात. फ्रान्समध्ये एमिल कोल यांनी १९०८ साली काड्यांवर अशीच फिल्म केली होती. भारतात अ‍ॅनिमेशनची सुरुवात शोधताना जाणकार फाळकेंच्या या काड्यांपर्यंत येऊन थांबतात.

मग हीच करामत जिवंत नटांसोबत आली. कॅमेरा थांबवायचा, वस्तू बदलायची, पुन्हा सुरू करायचा. किंवा फिल्म मागे गुंडाळून त्याच पट्टीवर दुसरं दृश्य घ्यायचं. १९१८ च्या 'श्रीकृष्ण जन्म'मध्ये कंसाचं मुंडकं धडावेगळं होऊन हवेत तरंगतं. १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये फाळकेंची लहानगी लेक मंदाकिनी कृष्ण झाली आणि यमुनेत नागाशी झुंजली. आज हे बघून हसू येईल कदाचित, पण कॉम्प्युटरचा शोधही लागायचा होता तेव्हा हे कॅमेऱ्यातल्या कॅमेऱ्यात जुळवलं जात होतं.

पुढे बोलपट आले आणि फाळके मागे पडले. १९३७ ला कोल्हापुरात त्यांनी 'गंगावतरण' केला, तो शेवटचा. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकमध्ये ते गेले, हलाखीतच.

कंसाचं तरंगणारं मुंडकं आणि मंदाकिनीचा कृष्ण पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जपलेत, इंटरनेटवरही बघायला मिळतात. 'आगकाड्यांची मौज'ची प्रिंट मात्र आज कुठेच नाही.