बटाट्यातला रंग

सायटोक्रोम हा शब्द कला शाखेच्या विद्यार्थिनीच्या वाटेला सहसा येत नाही. मला तो भेटला दुर्गाबाई भागवतांमुळे. त्यांच्याविषयी वाचताना कळले की त्यांची धाकटी बहीण कमला रसायनशास्त्राकडे वळली आणि या अवघड शब्दाशी तिचे नाव कायमचे जोडले गेले.

शब्द ग्रीक मुळांचा आहे. सायटो म्हणजे पेशी, क्रोम म्हणजे रंग. केंब्रिजच्या डेव्हिड केलिन यांनी १९२५ मध्ये तो रूढ केला. वर्णपटातील पट्ट्यांवरून त्यांनी या रंगद्रव्याचे ए, बी, सी असे प्रकार मानले. सायटोक्रोम सी हे लोह असलेले छोटे प्रथिन. श्वासावाटे घेतलेल्या प्राणवायूच्या साहाय्याने पेशी अन्नातून ऊर्जा काढते, तेव्हा इलेक्ट्रॉन एका रेणूकडून दुसऱ्याकडे द्यावे लागतात. आमच्या कामोठ्यात इमारतीचा स्लॅब पडताना घमेले हातोहात वर जाते, तसेच हे काम. त्या रांगेतला एक गडी म्हणजे सायटोक्रोम सी.

कमलाबाईंचा जन्म इंदूरचा. वडील नारायणराव आणि काका माधवराव, दोघेही बंगलोरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले रसायनतज्ज्ञ. १९३३ मध्ये कमलाबाई मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाल्या आणि त्यांनी त्याच संस्थेकडे अर्ज केला. संचालक होते सर सी. व्ही. रामन. मुलगी म्हणून अर्ज नाकारला गेला. माझ्या घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. पण मुलीचा म्हणून माझा अर्ज कोणी बाजूला ठेवला नाही. इथे तर गुणवत्ता होती, घराणे होते, तरी दार बंद! कमलाबाई हटल्या नाहीत. त्या थेट रामन यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. अखेर प्रवेश मिळाला, पण पहिले वर्ष परीक्षेचे; काम पटले तरच ते ग्राह्य, आणि त्यांच्यामुळे पुरुष विद्यार्थ्यांचे लक्ष विचलित होता कामा नये, अशी अट. नोबेल मिळवलेल्या माणसाने ही अट घालावी याचे नवल वाटते. अपमान गिळून त्यांनी श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली दूध व कडधान्यांतील प्रथिनांवर काम केले. त्या कामानंतर संस्थेने मुलींना प्रवेश देणे सुरू केले. १९३६ मध्ये कमलाबाई एम.एस्सी. झाल्या.

पुढे केंब्रिज. तेथे डेरेक रिक्टर आणि रॉबिन हिल यांच्याबरोबर वनस्पतींच्या पेशींवर काम करताना त्यांना बटाट्यात सायटोक्रोम सी आढळले. केलिन यांचे काम मुख्यतः प्राणी, कीटक व यीस्ट यांवरचे. श्वसनाची तीच हातोहात रांग झाडांतही आहे, हे कमलाबाईंनी दाखवले. प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा! १९३९ मध्ये त्यावर पीएच.डी. मिळाली आणि त्याच वर्षी त्या मायदेशी परतल्या.

दिल्ली, कुन्नूर आणि १९४७ मधील विवाहानंतर मुंबईची विज्ञान संस्था, असा पुढचा प्रवास. तिथे राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचा अभ्यास हाती घेतला. पहाटे ताडामाडावरून उतरवलेला, उन्हं चढली की आंबू लागणारा तो रस कुपोषित आदिवासी मुलांना व गरोदर स्त्रियांना उपयोगी पडतो, हे त्यांच्या प्रयोगांतून दिसले. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. संस्थेचे संचालकपद मात्र उशिरा आले. १९६९ मध्ये निवृत्त झाल्यावर त्या ग्राहक चळवळीत रमल्या आणि अन्नातील भेसळ कशी ओळखावी हे लोकांना शिकवू लागल्या.

१९९८ मध्ये दिल्लीत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यांचा सत्कार ठेवला. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच दिवसांत गेल्या.