डॅनियल वेसन आणि काडतुसाची कड

कॉलेजात एनसीसी केलेल्या अनेकांनी आयुष्यातला पहिला बार पोटावर झोपून ‘पॉइंट टू टू’ रायफलीतून उडवलेला असतो. तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोन प्रकारात विश्वविजेतेपद मिळवले आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकले, तेही याच मापाच्या काडतुसावर. करंगळीपेक्षा लहान असलेल्या या काडतुसाच्या बुडाशी एक पातळ कड असते. रायफलीची पिन त्या कडेवर आपटते आणि बार उडतो, म्हणून याला ‘रिमफायर’ म्हणतात. हे काडतूस व्यवहारात आणण्याचे मोठे श्रेय डॅनियल वेसन यांचे. ‘स्मिथ अँड वेसन’ हे नाव आपण सिनेमांत ऐकतो, पण त्यातला वेसन कोण होता हे फारसे कुणाला ठाऊक नसते.

वेसन यांचा जन्म १८ मे १८२५ रोजी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात वुस्टर इथे झाला. वडील शेतकरी होते, लाकडी नांगरही बनवत. थोरला भाऊ एडविन बंदूक कारागीर होता आणि नेमबाजीसाठीच्या अचूक रायफली बनवण्यात त्याचे नाव होते. डॅनियल अठराव्या वर्षाच्या सुमारास त्याच्याच हाताखाली शिकाऊ म्हणून लागले. १८४७ मध्ये त्यांनी सिंथिया हॉज हिच्याशी लग्न केले, तेही पळून जाऊन. बंदुका दुरुस्त करणाऱ्या पोराला भविष्य नाही, असे तिच्या वडिलांचे मत होते. दोनच वर्षांनी, १८४९ मध्ये, एडविन वारला आणि तरुण डॅनियल यांचा आधार गेला.

त्या काळी बंदूक भरणे हे वेळखाऊ आणि बेभरवशाचे काम होते. आधी दारू ओतायची, मग गोळी ठासायची, शेवटी मागच्या बाजूला स्फोटक मसाल्याची छोटी टोपी बसवायची. दारूला ओल लागली तर बार फुसका जाई. टोपी निसटली तर काहीच होत नसे. रिव्हॉल्व्हरमध्ये एका कप्प्याची आग शेजारच्या कप्प्यात शिरून दोन-तीन बार एकदमच उडण्याचाही धोका असे. दारू, गोळी आणि ठिणगी यांना एकाच बंद डबीत आणणे हा यावरचा उपाय होता. तो अनेकांना दिसत होता, जमत मात्र नव्हता.

होरेस स्मिथ आणि वेसन १८५२ मध्ये कनेक्टिकटमधल्या नॉर्विच गावी भागीदार झाले. त्यांच्या पहिल्या पिस्तुलात पोकळ गोळीच्या पोटातच दारू आणि मसाला भरलेला असे. कल्पना नवी होती, पण गोळीत दारू मावायची ती थोडीच, बार कमजोर होई आणि मागून गरम वायू गळत. हा धंदा त्यांनी १८५५ मध्ये एका कंपनीला विकला. तिच्या भागधारकांत शर्ट बनवणारे ऑलिव्हर विंचेस्टर होते. पुढे रायफलींमुळे गाजलेले विंचेस्टर ते हेच.

वेसन यांच्यापुढे तोवर दुसरे एक उदाहरण होते. पॅरिसच्या फ्लोबेर यांनी १८४० च्या दशकात स्फोटक टोपीच्या तोंडावरच बारीक गोळी बसवून घरातल्या नेमबाजीसाठी एक खेळण्यासारखे काडतूस केले होते. त्यात वेगळी दारू नव्हतीच. वेसन यांनी धातूची नळी लांब केली, तिच्यात दारू घातली आणि मसाला बुडाच्या पोकळ कडेत भरला. १८५७ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड इथे त्यांचे सात बारांचे पहिले रिव्हॉल्व्हर बाजारात आले. त्याच्या काडतुसात दारू जेमतेम पाव ग्रॅम, तर गोळी दोन ग्रॅमहून किंचित कमी. हेच आजच्या ‘पॉइंट टू टू’चे मूळ. कडेत मसाला भरण्याच्या पद्धतीचे पेटंट स्मिथ आणि वेसन यांना १८६० मध्ये मिळाले. आरपार भोके असलेल्या चक्राचे पेटंट मात्र रोलिन व्हाइट यांचे होते. त्यांना दर रिव्हॉल्व्हरमागे २५ सेंट देण्याचा करार झाला.

पुढची अडचण मात्र सुरक्षिततेची होती. पिनचा ठोका बसून कड चेपली जावी म्हणून तिचा धातू मऊ आणि पातळ ठेवावा लागतो, आणि तोच धातू आतल्या दाबाने फुगतो. सुरुवातीच्या काडतुसांचे बूड मागे फुगून रिव्हॉल्व्हरचे चक्र अडत असे. त्यासाठी पहिल्या मॉडेलमध्ये काडतुसांच्या मागे चक्राबरोबर फिरणारी एक चकती बसवावी लागली. मोठ्या ताकदीचे रिमफायर काडतूस पुढे टिकले नाही, याचे मुख्य कारण हेच. जास्त दाबासाठी बूड जाड हवे, आणि जाड बूड पिनच्या ठोक्याने चेपत नाही. वेसन यांच्या कारखान्यानेही पुढे मोठ्या रिव्हॉल्व्हरसाठी मधोमध ठोका घेणारी काडतुसे स्वीकारली. कडेवर ठोका घेणारे काडतूस लहान मापापुरते उरले. १८८७ मध्ये स्प्रिंगफील्डशेजारच्या चिकोपी इथल्या स्टीव्हन्स कंपनीने आजही चालणारे ‘पॉइंट टू टू लाँग रायफल’ काडतूस आणले.

१८६१ ते १८६५ च्या अमेरिकी यादवी युद्धात सैनिकांनी ही छोटी रिव्हॉल्व्हरे स्वतःच्या पैशाने घेतली. मागणी कारखान्याच्या आवाक्याबाहेर गेली आणि भागीदार श्रीमंत झाले. १८७० च्या दशकात रशियाच्या सैन्याची मोठी कंत्राटे मिळाली, त्याच सुमारास स्मिथ निवृत्त झाले आणि कारभार वेसन यांच्याकडे आला. १८८० च्या दशकात त्यांनी मूठ आवळल्याशिवाय उडूच न शकणारे रिव्हॉल्व्हर आणले. एका लहान मुलाने चाप ओढून स्वतःला इजा करून घेतल्याचे कानावर आल्याने वेसन यांनी ते घडवले, असे सांगतात. गोष्ट खरी असो वा नसो, मुलाच्या हातात भरलेले शस्त्र पडू शकते हे त्या रचनेत गृहीत धरलेले आहे.

आयुष्याच्या अखेरीस त्यांचा पैसा रुग्णालयाकडे वळला. १९०० मध्ये स्प्रिंगफील्डमधल्या त्यांच्या जुन्या घरात होमिओपॅथिक रुग्णालय सुरू झाले. त्या काळी अमेरिकेत अशी रुग्णालये बरीच होती. तेच पुढे वेसन मेमोरियल हॉस्पिटल झाले. १९०८ मध्ये त्यांच्या नावाचे प्रसूतिगृहही उघडले. ते पाहायला ते नव्हते, ४ ऑगस्ट १९०६ रोजी त्यांचे निधन झाले होते. या संस्था आज बेस्टेट मेडिकल सेंटर या मोठ्या रुग्णालयात सामावल्या आहेत. ज्या नावाच्या शस्त्रांनी जखमा झाल्या, त्याच नावाच्या वॉर्डात बाळे जन्मली. यातून वेसन यांचा निवाडा करण्याची घाई मी करणार नाही. त्यांच्या कामातला प्रश्न मात्र आमच्याही रोजच्या कामातला आहे. हवे तेव्हा नक्की चालावे आणि नको तेव्हा मुळीच चालू नये, ही अपेक्षा औषधाकडून असते तशीच काडतुसाकडूनही.

आज रिमफायर काडतुसे ५० च्या खोक्यात, ५०० च्या गठ्ठ्यात किंवा मोठ्या डब्यात सुटी भरून मिळतात. आपल्याकडे ती परवान्यावर, ठरलेल्या संख्येतच घेता येतात. घाऊक माल स्वस्त पडतो, म्हणून त्याचा भरवसा कसा ठरवायचा हे नेमबाजांनी आणि त्यांच्या पालकांनी समजून घ्यावे. कडेत मसाला ओला भरून तो वेगाने फिरवत सगळीकडे पसरवतात. एखाद्या जागी तो पोहोचला नाही आणि पिन नेमकी तिथेच आपटली, तर नुसता ‘टक’ आवाज येतो. त्यामुळे या जातीच्या काडतुसांत फुसक्या बारांचे प्रमाण मधोमध ठोका घेणाऱ्यांपेक्षा जास्त असते. अनुभवी नेमबाज आधी एकाच लॉटची थोडी काडतुसे स्वतःच्या रायफलीत उडवून पाहतात आणि पसंत पडली तर त्याच लॉट क्रमांकाचा साठा घेतात.

इथे डॉक्टरांच्या उपयोगाचा एक हिशेब कामी येतो. ५० काडतुसांत एकही फुसके निघाले नाही, म्हणजे लॉट निर्दोष, असे नाही. तीनला चाचण्यांच्या संख्येने भागा. ५० साठी उत्तर येते शंभरात सहा, म्हणजे दोषाचे खरे प्रमाण तितकेही असू शकते. ५०० उडवून एकही चुकले नाही, तर ती मर्यादा हजारात सहावर येते. नव्या औषधाचा दुष्परिणाम शंभर रुग्णांत दिसला नाही, म्हणून तो नाहीच असे आम्ही म्हणत नाही, ते याच कारणाने.

फुसक्या बारापेक्षा धोक्याच्या गोष्टी दोन. ठोका बसूनही बार उडाला नाही, तर नळी लक्ष्याकडेच रोखून किमान ३० सेकंद थांबावे, कारण मसाला उशिरा पेटू शकतो. आवाज नेहमीपेक्षा दबका आला, तर पुढचे काडतूस अजिबात भरू नये. आधीची गोळी नळीत अडकलेली असेल, तर पुढच्या बाराने नळी फुटते. हिरवट गंज चढलेली, चेपलेली किंवा गोळी सैल झालेली काडतुसे बाजूला काढून प्रशिक्षकाकडे द्यावीत. कड फाटली तर गरम वायू आणि पितळेचे कण मागे उडतात, म्हणून चष्मा हवाच. कानांचे संरक्षणही हवे. लहान वाटणाऱ्या या रायफलीचा आवाज सुमारे १४० डेसिबलपर्यंत जातो, आणि आवाजाने गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही.

वेसन यांच्या काळी मसाल्यात पारा असे, नंतर त्याची जागा बहुतांशी शिशाच्या संयुगाने घेतली. गोळीही शिशाचीच असते. बंद रेंजवर हे शिसे हवेत आणि हातांवर येते. मोठ्यांना त्याने पोटदुखी, रक्तक्षय, हातापायांत अशक्तपणा येतो. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो. रेंजवर खाऊ नये, नंतर साबणाने हात-तोंड धुवावे, ते कपडे घालून घरातल्या बाळाला कडेवर घेऊ नये. नियमित सराव करणाऱ्यांनी रक्तातल्या शिशाची तपासणी करून घ्यावी.

आणि ‘छोटी गोळी’ या शब्दावर विश्वास ठेवू नये. ही गोळी दीड मैलापर्यंत जाऊ शकते. शासकीय रुग्णालयात अशा जखमा पाहताना बाहेरचे छिद्र बोराच्या बीएवढे असते, आणि गोळी मात्र एक्स-रेमध्ये भलत्याच जागी सापडते. सांध्यात राहिलेली गोळी तिथल्या द्रवात विरघळून पुढे शिशाची विषबाधाही करू शकते. वेसन यांनी काडतुसाच्या कडेत भरलेली ताकद दोन ग्रॅमच्या गोळीलाही पुरेशी होती. रायफल आणि काडतुसे वेगवेगळ्या कुलपात ठेवणे, एवढी काळजी त्या ताकदीसाठी प्रत्येक घराने घ्यायलाच हवी.