वेंडेल स्कॉट : मराठी निबंध

कल्याण-डोंबिवलीच्या गॅरेजमध्ये हात काळे करून गाडी दुरुस्त करणारे दादा तुम्ही पाहिलेच असतील. वेंडेल स्कॉटही मेकॅनिकच. त्यांचा जन्म २९ ऑगस्ट १९२१ रोजी अमेरिकेतील डॅनव्हिल येथे झाला. आधी ते टॅक्सी चालवायचे. पुढे शर्यतीत उतरले, तेव्हा आपली गाडी स्वतःच दुरुस्त करायचे. कृष्णवर्णीय म्हणून त्यांना काही ठिकाणी शर्यतीत घेतच नसत.

१ डिसेंबर १९६३ रोजी जॅक्सनव्हिलच्या लंबगोल मातीच्या ट्रॅकवर ते पहिले आले. पण विजेता म्हणून नाव पुकारलं गोऱ्या चालकाचं! काही तासांनी चूक मान्य झाली, तोवर ट्रॉफी गेली होती. १९९० मध्ये स्कॉट वारले. कुटुंबाला अधिकृत ट्रॉफी मिळाली थेट २०२१ मध्ये.

मुलांनो, एकाच्या कष्टाचं श्रेय दुसऱ्याला जाताना दिसलं, तर गप्प बसू नका. लगेच बोला.