कॅमेरॉनबाईंच्या दोन मेरी

गेल्या नाताळच्या ई-अंकाचं मुखपृष्ठ मंडळाने माझ्यावर सोपवलं होतं. मी महिनाभर आधीच वहीत आराखडा काढून ठेवला. कुशीत बाळ घेतलेली मरिया, अंगावर निळी शाल, मागे काळा पडदा, उजेड फक्त डावीकडून. चेहरा मात्र आपल्या बेळगावचा हवा होता. ग्रंथालयात झाडलोट करणाऱ्या मावशी हो म्हणाल्या आणि सोबत पाच महिन्यांच्या नातीलाही घेऊन आल्या. रविवारी सकाळी ग्रंथालयाच्या व्हरांड्यात तासभर आमची खटपट चालली. नात रडली, शाल दोनदा घसरली, मावशींच्या कमरेत कळ आली तरी त्या जागच्या हलल्या नाहीत. फोटो सुरेख आला. मी खाली मरिया असं लिहून मोबाइल त्यांच्या हातात दिला. त्यांनी नीट निरखून बघितलं, खाली काय लिहिलंय ते वाचून घेतलं आणि एवढंच विचारलं की मग हा फोटो माझा नाही का.

मला काही उत्तर देता आलं नाही. मराठीच्या मॅडमना सांगितलं तेव्हा त्यांनी एका बाईंचं नाव दिलं आणि आधी त्यांचे फोटो बघ, मग बोलू, असं बजावलं. त्या बाई म्हणजे ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन. (आडनावात कॅमेरा दिसतो हा निव्वळ योगायोग. ते नवऱ्याचं आडनाव. लग्न १८३८ सालचं, आणि फोटोग्राफीची जगाला खबर लागली ती १८३९ मध्ये.)

कॅमेरॉनबाईंचा जन्म ११ जून १८१५ चा, कलकत्त्याचा. वडील ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी, आईचं घराणं फ्रेंच. शिक्षण बरंचसं फ्रान्समध्ये आजीपाशी झालं. १८३६ साली तब्येत सुधारायला म्हणून त्या दक्षिण आफ्रिकेत केपला गेल्या, तिथे दोन माणसं भेटली. एक चार्ल्स हे कॅमेरॉन. वयाने त्यांच्याहून वीस वर्षांनी मोठे, कायदेपंडित. मेकॉलेच्या ज्या विधी आयोगाने भारतीय दंड संहितेचा पहिला मसुदा केला, त्याचे सदस्य. यांच्याशीच पुढे कलकत्त्यात लग्न झालं. दुसरे सर जॉन हर्शेल, दक्षिणेकडच्या आकाशातले तारे मोजायला आलेले खगोलशास्त्रज्ञ. फोटोग्राफी हा शब्द रुळवण्यात याच हर्शेलसाहेबांचा मोठा वाटा. १८४२ मध्ये त्यांनी या नव्या विद्येचे काही नमुने कलकत्त्याला धाडले. बाईंनी ते पाहिले, हरखून गेल्या, आणि पुढची वीस-एकवीस वर्षं संसारात गेली. स्वतःची सहा मुलं, शिवाय सांभाळायला घेतलेली वेगळी. १८४८ ला कुटुंब इंग्लंडला परतलं आणि १८६० मध्ये आइल ऑफ वाइट बेटावर फ्रेशवॉटर गावी स्थायिक झालं. कवी टेनिसन शेजारी राहायचे. दोन घरं जोडून केलेल्या त्या घराचं नाव डिंबोला, सिलोनमधल्या आपल्या कॉफीच्या मळ्यावरून ठेवलेलं.

कॅमेरा आला तो १८६३ च्या डिसेंबरात. नवरा सिलोनला मळ्यांवर, मुलं पांगलेली. आईला एकटं वाटू नये म्हणून एकुलत्या एक मुलीने आणि जावयाने ही भेट दिली. बाईंचं वय तेव्हा ४८. आपल्याकडे या वयात बायकांना आता नातवंडं सांभाळा म्हणतात. यांनी कोळसा ठेवायची खोली अंधारखोली केली, कोंबड्या मोकळ्या सोडून त्यांच्या खुराड्याचा स्टुडिओ केला, आणि शिकवायला कुणी नसताना सुरुवात केली.

त्या काळी फोटो काढणं म्हणजे काय होतं ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मोठी काच स्वच्छ धुवायची, तिच्यावर कोलोडियन नावाचं चिकट द्रावण एकसारखं पसरायचं, मग ती सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची. ओली आहे तोवरच ती कॅमेऱ्यात घालून फोटो घ्यायचा आणि वाळायच्या आत अंधारखोलीत नेऊन धुवायचा. धुळीचा एक कण बसला की डाग. सिल्व्हर नायट्रेटने हात काळे पडायचे ते जाता जात नसत, घरातल्या चादरी-टेबलक्लॉथही गेले. पहिला फोटो एका शेतकऱ्याचा घेतला. तासाचे पैसे ठरवून त्याला बसवलं होतं. तो फोटो बाईंनी स्वतःच पुसून टाकला, काचेच्या ओल्या बाजूवरून हात फिरला म्हणून. १८६४ च्या जानेवारीत ॲनी नावाच्या एका लहान मुलीला बसवलं, आणि ती हलली तर माझी किती मेहनत आणि किती रसायनं वाया जातील हे तिला समजावून सांगितलं. पोरगी हलली नाही. तो फोटो आपलं पहिलं यश म्हणून बाईंनी जन्मभर मिरवला. कोट घातलेली, केस जरा विस्कटलेली ॲनी आजही बघायला मिळते.

पण त्यांना नुसते चेहरे नको होते. डोक्यात बायबल, शेक्सपिअर, इटलीतल्या जुन्या चित्रकारांची मॅडोना. आधी कल्पना ठरायची, मग तिला शोभेल असा माणूस शोधायचा. तो कुठेही सापडे. दारावरून जाणाऱ्याला आत ओढून आणलं जायचं. टेनिसनच्या काव्यातला आर्थर राजा हवा होता, तर जवळच्या यार्मथच्या धक्क्यावरचा हमाल चिलखत घालून उभा राहिला. पाहुण्यांच्या लहान मुलींच्या पाठीवर हंसाचे खरे पंख बांधून देवदूत केले. त्यातल्या एकीच्या चेहऱ्यावरचा कंटाळा इतका खरा आहे की देवदूतसुद्धा कधीतरी वैतागत असतील असं वाटून जातं. मला हा फोटो सगळ्यात आवडतो.

मांडणी साधीच असायची. गडद पडदा, अंगावर शाल किंवा कापड लपेटून सगळा फॅशनचा पोशाख झाकायचा, खिडक्यांवर पडदे ओढून उजेड एका बाजूने आत घ्यायचा, आणि कॅमेरा अगदी जवळ. उजेड कमी म्हणून वेळ जास्त. कित्येकदा तीन-चार मिनिटं, कधी त्याहूनही जास्त. एवढा वेळ डोळे रोखून बसून बघा एकदा. ओठावरचं ठरवून आणलेलं हसू कुठल्या कुठे जातं, मान किंचित डुलते, आणि काचेवर जे उतरतं त्यात श्वास घेणारं माणूस असतं. बाळ तर इतका वेळ स्थिर राहणं अशक्य. म्हणून कित्येक फोटोंत बाळ झोपलेलं आहे. १८६५ सालच्या एका फोटोत निजलेलं बाळ म्हणजे बाईंचा नातू आर्ची, आणि त्याच्यावर वाकलेली मरिया म्हणजे घरची कामवाली, मेरी हिलियर.

ही पहिली मेरी. जन्म १८४७ चा, गाव तिथलंच. पाहुण्यांना चहा द्यायचा, घर झाडायचं आणि हाक आली की डोक्यावरून कापड घेऊन मरिया व्हायचं. १८६४ मध्ये बाईंनी पवित्र आत्म्याची फळं अशी नऊ फोटोंची मालिका केली. प्रेम, आनंद, शांती वगैरे, आपल्या कॉलेजात गलतीकरांस पत्र वाचलेल्यांना लगेच लक्षात येईल. पुढच्या वर्षी ती मालिका ब्रिटिश म्युझियमला भेट दिली. त्यातलं एक फळ सहनशीलता. हे नाव बाईंनी देवाच्या हिशेबाने दिलं असेल, पण कॅमेऱ्यासमोर बसलेल्या मुलीलाही ते चपखल लागू पडतं. गावात तिला मेरी मॅडोना म्हणू लागले. बाईंनी आपल्या अर्धवट राहिलेल्या आठवणींत तिचं कौतुक केलंय, हेही सांगायला हवं.

आता दुसरी बाजू. थोर पुरुषांचे फोटो काढताना बाईंना नाटकातलं पात्र लागत नसे. कार्लाईल तो कार्लाईल, डार्विन तो डार्विन. १८६८ मध्ये डार्विनचं कुटुंब सुट्टीत फ्रेशवॉटरला आलं तेव्हाचा तो दाढीवाला प्रसिद्ध फोटो यांचाच. १८६७ मध्ये सगळं सामान घेऊन त्या हर्शेलसाहेबांच्या घरी गेल्या. म्हाताऱ्यांना केस धुवायला लावले आणि ते पिंजारून ठेवले म्हणे, उजेड त्यात अडकावा म्हणून. फोटोत ते पांढरे केस तेजोवलयासारखे दिसतात आणि खाली ठसठशीत नाव आहे. बहुतेक बायकांच्या, त्यातही कामवाल्या मुलींच्या वाट्याला मात्र मरिया, साफो, मिरांडा अशी उसनी नावं. अर्थात मेरी हिलियर कोण हे आज आपल्याला ठाऊक आहे ते त्या उसन्या नावांमुळेच. फ्रेशवॉटरमधल्या इतर कामवाल्या मुलींचे चेहरे कुठे राहिले? हा गुंता मला अजून सुटलेला नाही.

दुसरी मेरी, मेरी रायन. लंडनजवळच्या पटनी हीथ या माळरानावर ती आईबरोबर भीक मागताना बाईंना दिसली. आयरिश मायलेकी. बाईंनी मुलीला घरी आणलं, शिकवलं, आणि घरकामालाही लावलं. १८६५ मध्ये हेन्री टेलर यांना प्रॉस्पेरो करून हिला मिरांडा केलं. त्याच वर्षी लंडनला कोल्नागी या चित्रांच्या दुकानात बाईंचं प्रदर्शन भरलं. तिथे हेन्री कॉटन नावाच्या तरुणाने या मुलीचा फोटो पाहिला आणि विकत घेतला. दोन वर्षांनी तिच्याशी लग्न केलं. हाच तरुण पुढे भारतात सनदी अधिकारी झाला, आसामचा चीफ कमिशनर झाला, आणि निवृत्तीनंतर १९०४ साली मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाचा अध्यक्ष. त्या सर हेन्री कॉटनची बायको एकेकाळी माळावर भीक मागत होती, हे वाचून मी पुस्तक बाजूला ठेवून कँटीनमध्ये चहा पिऊन आले.

जाणकारांनी बाईंना फार छळलं. फोकस नाही, काचेवर ओरखडे, बोटांचे ठसे, कडा फाटलेल्या. छायाचित्रकारांच्या नियतकालिकांनी नापास केलं. बाईंचं गणित वेगळं होतं. भिंग फिरवताना चेहरा जिथे सुंदर दिसला तिथे त्या थांबत, इतर लोक कडा धारदार होईस्तोवर फिरवत राहत. सुरुवातीला हे अपघाताने झालं असेल, पण पुढे मुद्दाम. ओरखड्यांबद्दल मात्र मी टीकाकारांच्या बाजूने थोडी आहे. काही काचा जरा जपून हाताळल्या असत्या तर बिघडलं नसतं. बर्लिनला १८६५ मध्ये कांस्य आणि १८६६ मध्ये सुवर्णपदक मिळालं. लंडनच्या साउथ केन्सिंग्टन म्युझियमने १८६५ मध्ये फोटो विकत घेतले आणि १८६८ मध्ये स्टुडिओसाठी दोन खोल्या दिल्या. पैशाची गरज खरीच होती, कारण सिलोनचे मळे तोट्यात होते. त्या फोटोंची रीतसर नोंदणी करत, हक्क राखून ठेवत, सह्या करत. छंद म्हणून करणाऱ्या सुखवस्तू बाईची ही लक्षणं नव्हेत.

१८७३ मध्ये ज्या मुलीने कॅमेरा दिला होता ती बाळंतपणात गेली. पुढच्याच वर्षी बाईंनी टेनिसनच्या काव्यावरचं मोठं काम हाती घेतलं. पुस्तकात आपले फोटो लाकडी ठशावरून बारीक करून छापले गेले हे त्यांना रुचलं नाही, म्हणून १८७४ आणि १८७५ मध्ये मूळ फोटो चिकटवलेले दोन मोठे खंड स्वतः काढले. त्यातला जादूगार मर्लिन म्हणजे चार्ल्सआजोबा. लांब पांढरी दाढी, ऐंशीच्या घरातलं वय. त्यांना ऐन वेळी हसू आवरेना आणि काचेमागून काच वाया गेली, असं सांगतात.

१८७५ च्या शेवटी नवराबायको सिलोनला निघाले, मुलांजवळ. बरोबरच्या सामानात दोन शवपेट्या होत्या म्हणे, तिथे चांगल्या मिळाल्या नाहीत तर म्हणून. वाटेत त्यांत भांडीकुंडी भरली होती. तिथे फोटो कमी झाले. मळ्यावर काम करणाऱ्या तमिळ बायकापुरुषांचे थोडेसे उरले आहेत. त्यांच्यापैकी बहुतेकांच्या खाली ना स्वतःचं नाव, ना मरियेचं, ना मिरांडाचं. २६ जानेवारी १८७९ ला बाई गेल्या. चार्ल्स वर्षभराने. बोगवंतलावा इथल्या सेंट मेरी चर्चच्या आवारात दोघांना ठेवलंय. मेरी हिलियरने एका माळ्याशी लग्न केलं, संसार केला आणि १९३६ पर्यंत जगली.

हे सगळं वाचून मी मावशींकडे गेले आणि मुखपृष्ठावर तुमचंच नाव घालू असं सांगितलं. त्यांनी दोन दिवस मागून घेतले आणि नको म्हणाल्या. लेकीच्या सासरी हे मोबाइलवर फिरलं तर उगीच बोलणी. शेवटी त्यांनी स्वतः ठरवून दिलं ते असं, की ग्रंथालयातल्या मावशी आणि त्यांची नात एवढंच छापायचं. तसं छापलं. घरी लावायला एक प्रत काढून देते म्हटलं तर त्यांनी मोबाइलमधले सगळेच्या सगळे फोटो एकेक करून बघितले आणि मी बाद केलेला एक निवडला. त्यात शाल खाली घसरली आहे, नात तोंड वासून रडतेय आणि मावशी तिच्याकडे बघून हसतायत.